वेचणीचं माप संध्याकाळीच होतं

दिवाळीच्या आगेमागे खान्देशातल्या कुठल्याही कापसाच्या शेतात संध्याकाळी साडेपाचला जाऊन उभे राहा. दिवसभर ओटीत जमवलेला कापूस गाठोड्यात बांधलेला असतो. गाठोडं काट्याला लटकतं, कुणीतरी आकडा मोठ्याने म्हणतो आणि तो वहीत लिहिला जातो. वेचणारी बाई तो आकडा कानाने ऐकल्याशिवाय बांध ओलांडत नाही. मजुरी किलोवर असते हे खरंच, पण आकडा तेवढ्यापुरताच नसतो. काल अडतीस, आज एक्केचाळीस. घरी जाताना वाटभर बोलणं त्याचंच: कोणत्या ओळीतली बोंडं चांगली फुटली होती, कुणामुळे खोळंबा झाला, उद्या कुठून धरायचं.

आता अभ्यासिकेत दहा तास बसून घरी निघालेल्या मुलाला विचारा, आज किती झालं? 'झाला थोडा.' साखर आटोक्यात आणायला रोज चालणाऱ्या आबांना विचारा. 'चालतोय आपलं.' काम दोघांनीही केलेलं असतं, काटा मात्र कुणीच लावलेला नसतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हुरूप आटतो तो बहुतेक वेळा यामुळे. आळस हे कारण लोक स्वतःला उगाच चिकटवतात. लाइफ कोचिंगमध्ये 'स्वतःचं यश साजरं करा' असं सांगितलं जातं, त्याचा अर्थ केक आणि फुगे असा घेतला की गाडी रुळावरून उतरते. आधी मोजायचं, मग 'हो, हे मी केलं' असं मान्य करायचं आणि जमलं तर तोंड गोड करायचं. क्रम हाच. पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट तिसरी गाठणारेच फार.

आपल्याकडे यश म्हणजे निकाल. नोकरी लागली, ट्रॅक्टर दारात आला, पोरीला मेडिकलला नंबर लागला. त्यावर पेढे, चौकात फ्लेक्स, शाल-श्रीफळ. त्याच्या खालचं जे काही असेल त्याला एकच उत्तर तयार असतं, 'त्यामा काय मोठं शे?' वर दृष्ट लागण्याची धास्ती वेगळीच. त्यामुळे वर्षा-दोन वर्षांच्या मेहनतीला साजरं व्हायची एकच संधी मिळते, आणि तीही निकाल मनासारखा लागला तर. नाही लागला, की त्या सगळ्या दिवसांची किंमत शून्य धरली जाते. हा हिशेबच चुकीचा आहे.

हार्वर्डच्या टेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांनी ७ कंपन्यांतल्या २३८ लोकांकडून रोज संध्याकाळी नोंदी लिहून घेतल्या. सुमारे १२,००० नोंदी जमल्या. ज्या दिवशी लोकांचं मन सगळ्यात चांगलं होतं, अशा दिवसांपैकी ७६ टक्के दिवशी काम थोडं का होईना पुढे सरकलेलं होतं. याची दुसरी बाजू जास्त कामाची आहे: छोटी पिछेहाट मनाला जेवढं खाली ओढते, तेवढं छोटी प्रगती वर उचलत नाही. म्हणजे सगळं जसंच्या तसं सोडलं तर मनाचा तराजू आपोआप तोट्याकडे झुकतो. त्याला मुद्दाम, रोज, हाताने तोलावं लागतं.

काय मोजायचं

मोजायची गोष्ट तीन चाळण्यांतून काढा. ती माझ्या हातातली होती का? ती दुसऱ्याला दाखवता येईल अशी आहे का, म्हणजे आकडा, पान, वेळ, पावती? आणि मागच्या वेळेपेक्षा ती कणभर अवघड होती का, किंवा अवघड दिवशी केली का?

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलाने '१६०० मीटर ६ मिनिटं २० सेकंद, मागच्या रविवारी ६:३१' असं लिहिलं तर ते तिन्ही चाळण्यांतून जातं. 'मैदानावर सगळ्यांत पुढे होतो' हे पहिल्याच चाळणीत अडकतं, कारण बाकीचे त्या दिवशी कसे धावले हे त्याच्या हातात नाही. वजनाचंही तसंच. ताणकाटा असो की वजनकाटा, सकाळ-संध्याकाळच्या पाण्याने आणि जेवणाने त्यावरचा आकडा किलोभर सहज हलतो. म्हणून रोजचं यश म्हणून किलो धरू नका; चाललेली मिनिटं धरा, टाळलेला तिसरा चहा धरा. वजन आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, उठल्या-उठल्या.

लांब पल्ल्याच्या कामाला मधले खुंटे लागतात. ते खुंटे कसे असावेत हे केळीवाल्याला शिकवावं लागत नाही. टिश्यू कल्चरची केळी लावल्यापासून घड उतरायला साधारण अकरा-बारा महिने लागतात, पण रावेर-यावलचा शेतकरी वर्षभर घडाकडे डोळे लावून बसत नाही. सहा-सात महिन्यांत बाग निसवायला, म्हणजे केळफूल बाहेर पडायला लागली की त्याला कळतं, गाडी मार्गावर आहे. निसवण म्हणजे उत्पन्न नव्हे. हातात एक रुपया आलेला नसतो. पण ती डोळ्याला दिसते, तिची वेळ ठरलेली असते, आणि तिच्यानंतरची कामं वेगळी असतात. तुमच्या कामातली निसवण शोधा. स्पर्धा परीक्षेत ती 'पूर्ण अभ्यासक्रमावरची पहिली सराव चाचणी' असू शकते, कर्जफेडीत 'मुद्दल निम्म्यावर आलं तो हप्ता'. बचत गटातून पापड-बिबड्यांचा धंदा उभा करणाऱ्या ताईंसाठी ओळखीबाहेरच्या माणसाची पहिली ऑर्डर ही खरी निसवण. नणंदेने घेतलेले दहा किलो त्यात धरायचे नाहीत.

वही

शंभर पानी वही पुरते. मोबाईलमधली ॲप चालतात, पण नोंद करायला मोबाईल उघडला की माणूस वीस मिनिटांनी बाहेर येतो, म्हणून माझं मत कागदाच्या बाजूने आहे. वही जिथे बसून जेवता तिथे ठेवा, पेन दोऱ्याने बांधून. वेळ रात्रीच्या जेवणाआधीची. झोपताना लिहू म्हणणाऱ्यांची वही आठव्या दिवशी कोरी सापडते. चार मिनिटांपेक्षा जास्त वेळ नको, तीन ओळींपेक्षा जास्त मजकूर नको.

पानावर तीन रकाने आखा: काय केलं, कशामुळे जमलं, उद्या पहिलं काय. एक नमुना बघा, राज्यसेवेचा अभ्यास करणाऱ्या मुलीच्या वहीत शोभेल असा:

काय केलं: समतेचा हक्क, कलम १४ ते १८, २२ प्रश्न सोडवले, १५ बरोबर.
कशामुळे जमलं: दुपारी १ ते ३ मोबाईल जिजीकडे दिला होता.
उद्या पहिलं काय: चुकलेले ७ प्रश्न, सकाळी ७ वाजता, चहाआधी.

पहिल्या रकान्यात आकडा नसेल तर ओळ बाद. 'आज अभ्यास चांगला झाला' हे वाक्य महिन्याभराने वाचलं तर त्यातून काहीही हाती लागत नाही. दुसरा रकाना लोक हटकून रिकामा सोडतात, आणि खरी कमाई तिथेच असते. तीस दिवसांनी तो एकटा रकाना वरून खाली वाचत जा. 'मोबाईल जिजीकडे' हे अकरा वेळा आलेलं दिसलं, की आपलं यंत्र कशावर चालतं ते कळतं. मग यश 'नशिबाने' किंवा 'पेपर सोपा होता म्हणून' अशा खात्यात जमा होत नाही. तिसरा रकाना नसेल तर वही नुसतं कौतुकाचं पुस्तक होऊन बसते.

'लिहिण्यासारखं काहीच नाही' म्हणणारी माणसं दर चारांत एक तरी भेटतात. त्यांना 'तुमची बलस्थानं सांगा' असं विचारू नये. ती गप्प होतात किंवा पुस्तकी काहीतरी बोलतात. विचारावं, मंगळवारी सकाळी उठल्यापासून अकरापर्यंत काय काय केलं? डबे किती भरले, सासऱ्यांच्या गोळ्या कुणी दिल्या, बँकेत किती वेळ उभं राहून काम करून घेतलं? कोचने ऐकत ऐकत लिहावं आणि तो कागद त्यांच्यासमोर फिरवावा. स्तुती करायची गरजच राहत नाही. उलट कोचने 'वा, ग्रेट!' असं दर वाक्याला म्हटलं तर समोरचा दुसऱ्या भेटीत कोचला खूश करण्यासाठी यश शोधून आणायला लागतो.

जागच्या जागी

वही संध्याकाळची, पण काम संपल्या क्षणी दहा सेकंदांचं काहीतरी हवं. लाल पेनाने बरोबरची खूण, मूठ आवळणं, आरशात बघून 'जमनं रे भो!' म्हणणं. ऐकायला पोरकट वाटतं. कारण मात्र साधं आहे: सवय पक्की व्हायला कृती आणि तिचं सुख यांच्यातलं अंतर कमीत कमी लागतं. सकाळी साडेपाचला चाललात आणि त्याचं बक्षीस रविवारी मिळालं, तर मेंदू ते बक्षीस रविवारच्या जेवणाला जोडतो, बूट घालण्याला नाही.

मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट पुढे आली. अवचित मिळालेल्या रसाच्या थेंबाला मेंदूतल्या डोपामाइनच्या, म्हणजे बक्षिसाची दखल घेणाऱ्या पेशी जोरात प्रतिसाद देतात. तोच थेंब ठरल्याप्रमाणे मिळू लागला की प्रतिसाद थंडावतो. आणि ठरलेला असून मिळाला नाही तर नेहमीच्याही खाली जातो. दर रविवारी तीच कचोरी असेल तर पाचव्या रविवारी ती बक्षीस उरत नाही. हक्क होते, आणि चुकली तर रुसवा येतो. याला घरगुती तोड आहे. पत्र्याच्या डब्यात दहा चिठ्ठ्या टाका. सहा फुकटच्या: जळगावच्या मेहरुण तलावावर संध्याकाळी एकटी चक्कर, दुपारी तासभर झोप, जुन्या मैत्रिणीला फोन, असल्या. तीन थोड्या खर्चाच्या. एक मोठी: मित्रांना बोलावून पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांच्या भरिताचा बेत, कळण्याच्या भाकरीसकट. आठवड्याचं माप पूर्ण झालं तर रविवारी डोळे मिटून एक काढायची. नाही झालं तर डबा उघडायचा नाही. स्वतःला शिक्षाही करायची नाही.

महिन्याचा बक्षिसाचा खर्च आधीच ठरवून पाकिटात वेगळा काढा. आकडा तुमचा, पण तो महिना संपल्यावर आठवला नाही पाहिजे इतका लहान असावा. घरात ओढाताण असताना बक्षिसासाठी उधारी झाली, तर त्या उधारीचं ओझं यशालाच चिकटतं.

बक्षीस उलटतं तेव्हा

आयलेट फिशबॅक आणि रवी धर यांचा २००५ चा प्रयोग लाइफ कोचिंगच्या धंद्यातल्या प्रत्येकाने पाठ करावा असा आहे. वजन कमी करू पाहणाऱ्या लोकांपैकी काहींना, आपण बरंच गाठलं आहे, असं वाटायला लावलं. मग सफरचंद आणि चॉकलेट यांतून एक निवडायला सांगितलं. ज्यांना बरंच गाठल्यासारखं वाटत होतं त्यांच्यातल्या ८५ टक्क्यांनी चॉकलेट उचललं, बाकीच्यांत ५८ टक्क्यांनी. प्रगतीचा आनंद हाच सुट्टीचा परवाना झाला.

आपल्याकडचं रूप ओळखीचं आहे. दोन किलो उतरले म्हणून ढाब्यावर शेवभाजीची पार्टी. वर बोटभर तर्री. कर्जाचे सहा हप्ते वेळेवर गेले म्हणून नवा मोबाईल हप्त्यावर. चाचणीत पहिला आला म्हणून तीन दिवस अभ्यासिकेला दांडी. यावर उपाय दोन. बक्षीस ध्येयाच्या विरुद्ध दिशेचं नसावं: चालणाऱ्याला बूट किंवा मोजे, कर्ज फेडणाऱ्याला पैसे न लागणारा दिवस, अभ्यास करणाऱ्याला झोप किंवा घरची सहल. आणि बक्षीस घेण्याआधी दुसऱ्या दिवशीचं पहिलं काम वहीत लिहिलेलं असावं. शब्दांचीही काळजी घ्या. 'मी बरंच गाठलं' या वाक्यातून सैल पडायला होतं. 'मला हे लावून धरता येतं' यातून तसं होत नाही, कारण त्यात पुढचा दिवस गृहीत आहे.

आणि जे काम माणूस मुळात आवडीने करतो, त्याला बक्षीस लावूच नका. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना, चित्र काढलं तर सोनेरी शिक्क्याचं प्रशस्तिपत्र मिळेल असं आधीच सांगितलं. पुढे मोकळ्या वेळेत ही मुलं बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रं काढत बसली. ज्यांना न सांगता अचानक प्रशस्तिपत्र दिलं, त्यांच्यात ही घट दिसली नाही. नातवाला वाचनाची गोडी असेल तर पुस्तकामागे दहा रुपये लावणारे आजोबा ती गोडी विकत घेऊन मोडून टाकतात.

अर्ध्यावरची ढिलाई

सुरुवातीला उत्साह असतो, शेवट दिसायला लागला की वेगही येतो, मरगळ मध्यावर. मिनजुंग कू आणि फिशबॅक यांनी २०१२ मध्ये मांडलेलं सूत्र इथे कामाला येतं: झालेलं आणि उरलेलं, यांपैकी जो भाग लहान असेल त्याकडे बघा. ५०,००० रुपये साठवायचे आहेत. पहिल्या २५,००० पर्यंत वहीत 'झाले' लिहा: झाले ४,०००, झाले ६,०००. चार हजारांत दोनाची भर ठसठशीत दिसते. २५,००० ओलांडले की त्या दिवशी पान बदला, रेघ मारा आणि 'उरले' लिहायला लागा: उरले २३,०००, उरले २१,०००. बरेच लोक नेमकं उलटं करतात. पहिल्याच दिवशी 'अजून ५०,००० बाकी' म्हणून घाबरतात आणि चाळीस हजारांवर 'बरेच झाले की' म्हणून सैल पडतात.

कोऱ्या तक्त्याने सुरुवात करू नये, हेही तपासलेलं आहे. न्यून्स आणि ड्रेझ यांनी २००६ मध्ये गाड्या धुण्याच्या केंद्रावर दोन प्रकारची कार्डं वाटली. एकावर आठ शिक्के लागणार होते. दुसऱ्यावर दहा, पण दोन आधीच मारलेले. काम सारखंच, आठ वेळा गाडी धुणं. पहिलं कार्ड १९ टक्क्यांनी पूर्ण केलं, दुसरं ३४ टक्क्यांनी. तक्ता आखताना दोन घरं खऱ्या, केलेल्या कामाने भरा: डॉक्टरांकडे जाऊन साखर तपासली, एक, बूट आणले, दोन. खोटी घरं भरू नका, तिसऱ्या दिवशी स्वतःलाच कळतं.

कुणाला सांगायचं

ठरवलेलं सांगणं आणि केलेलं सांगणं यांत मोठा फरक आहे. पीटर गोल्विट्झर यांनी २००९ मध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत, ज्यांचा संकल्प दुसऱ्याने ऐकून घेतला होता त्यांनी पुढे त्या कामावर कमी वेळ घालवला. 'मी यंदा अधिकारी होणार' असं स्टेटस टाकलं की अधिकारी झाल्याचं थोडं सुख आजच मिळतं. म्हणून संकल्प वहीत, झालेलं काम माणसांत. दोन माणसं पुरे. ती निवडताना प्रेम किती आहे हे बघू नका, उत्तर काय येतं ते बघा. 'पेढे कधी?' हे आपलं ठरलेलं उत्तर. त्यात वाईट काही नाही, पण बोलणं तिथेच संपतं. 'शेजारच्याचा तर पहिल्या झटक्यात झाला' हे उत्तर देणारा माणूस कितीही जवळचा असो, यादीतून बाहेर. 'कसं जमवलंस?' असं विचारणारा ठेवा. शेली गेबल यांच्या संशोधनात हेच दिसतं: चांगली बातमी रस घेऊन, प्रश्न विचारत ऐकणारा भेटला तर त्या बातमीचा आनंद मूळ घटनेपेक्षा वाढतो. दृष्टीची भीती खरीच वाटत असेल तर माणसं कमी करा, सांगणं बंद करू नका.

खाडे

खाडे होणारच. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास असताना सकाळी साडेसातला चालायला निघणं हा शहाणपणा नव्हे. पेरणीच्या आठवड्यात किंवा घरात लग्न असताना नेहमीचं माप होणार नाही. म्हणून प्रत्येक ध्येयाला दोन मापं ठेवा, पूर्ण आणि किमान. पूर्ण चाळीस मिनिटं, किमान अंगणात दहा. पूर्ण तीस प्रश्न, किमान तीन. किमान माप झालं तरी खूण पूर्णच करायची. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ लोकांच्या नव्या सवयी १२ आठवडे पाहिल्या. सवय अंगवळणी पडायला लागणाऱ्या दिवसांचा मधला आकडा ६६ निघाला, पण कुणाला १८ तर कुणाला हिशेबाने २५४. मधला एखादा दिवस चुकल्याने काही बिघडलं नाही. तेव्हा 'एकवीस दिवसांत सवय लागते' हा मंत्र विसरा. एक खाडा धरायचा नाही. दोन सलग झाले की तिसऱ्या दिवशी किमान माप काहीही करून.

एक गोष्ट वेगळी ओळखायला हवी. दोन आठवडे उलटले तरी कशातच मन लागत नाही, आवडीचं जेवणही बेचव लागतं, झोप उडालीय किंवा उतरतच नाहीय, तर तो हुरुपाचा प्रश्न नाही. अशा माणसाला वही आणि चिठ्ठ्या देणं म्हणजे ताप आलेल्याला पळायला लावणं. कोचने तिथे थांबून डॉक्टरांकडे पाठवावं. १४४१६ या टेलिमानस नावाच्या, मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

राहता राहिला वर्षाचा हिशेब. एकतीस डिसेंबरला तो जमत नाही, त्या रात्री कुणी वही उघडत नाही. खान्देशात त्याला आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया बरी. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या कराराने ठेवलेल्या गड्याचं वर्ष त्या दिवशी संपतं, जुना हिशेब चुकता होतो आणि नवा करार ठरतो. लेकी माहेरी आलेल्या असतात, घरात आमरस असतो. दुपारी झोके चालू असताना अर्धा तास काढा. वर्षभराच्या वहीतून दर महिन्याची एक ओळ निवडून शेवटच्या पानावर उतरवा, बारा ओळी. दुसऱ्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा आलेलं कारण त्याखाली लिहा. मग नवी वही काढा आणि तिच्या पहिल्या पानावर तक्ता आखून दोन घरं भरा.